ळ नसलेला वाचक

ऑल्डरशॉटला, कालव्यामागच्या भाड्याच्या वाफ्यांत
माझ्या घेवड्याला लागून हर्कजित लिंबूंचा मुळा.
माणूस सत्तरीचा, गुरखा पलटणीतून निवृत्त.
"लढाईत काय होतात?" विचारलं,
तर म्हणाले, "स्टोअरमध्ये."

मी कादंबरी लिहितेय हे त्यांना सांगितलं,
ही चूक माझीच.
दोन चंद्रांमधलं युद्ध. सरलष्कर तारिणी, वय एकेचाळीस,
जिला तीन महिने आधी कळतं
शत्रू कुठल्या खिंडीत उतरणार.
ती नकाशावर बोट ठेवते
आणि बाकीचे सरदार तोंडाचा आ करून बघतात,
कारण मीच त्यांना दुसरं काही करू दिलेलं नाही.

देवनागरी येते त्यांना.
नेपाळी डोळ्यांनी मराठी वाचतात, निम्मं कळतं,
उरलेलं शेजारधर्म म्हणून.
अकरा पानं आठवडाभर ठेवून घेतली,
परत आली तेव्हा प्रत्येक ळभोवती पेन्सिलीचा गोल:
यो के हो?
रसद हा शब्द एकदाच आला होता, त्याखाली दोन रेघा.
आणि सरलष्कराच्या विजयाशेजारी, समासात:
मोजा कति?

मी वाचलं, मोजा. आज्ञार्थी.
वाटलं, काय बोलला माणूस!
त्यांना पायमोजेच विचारायचे होते.
किती जोड, कोणत्या मापाचे,
ओले झाले की वाळवणार कुठे.

"आणि हिच्या भोवतीचे सगळे बुद्दू," ते म्हणाले
(आमची मधली भाषा हिंदी, दोघांचीही कच्ची),
"म्हणून ही हुशार.
आमचा एक मेजर होता, त्याला खरंच अक्कल होती.
तो ट्रक उशिरा येणार हे धरूनच चालायचा.
दुश्मनही रात्री विचार करतो, म्हणायचा,
त्यालाही झोप येत नाही."

घरी येऊन लाजले.
ज्या भाषेत हरण्याला एका गावाचं नाव आहे,
तिच्यात लिहिते मी.
शाळेत पाठ केलं होतं की फौजेमागे बुणगे होते,
बायका, भटजी, भिस्ती, बांगडीवाले, तापलेली पोरं,
आणि घोड्यांआधी दाणा संपला होता.
चंद्रावर मी एकही बुणगा नेला नव्हता.
तिथे कुणाला तहानही लागत नव्हती.

म्हणून पुन्हा लिहिलं. आता तारिणीला खिंड माहीत नाही.
चार दिवसांचा प्राणवायू आहे, तिसऱ्या दिवशी ती
कोठारातल्या म्हाताऱ्याला विचारते, खरा आकडा सांग,
आणि तो सांगायला वेळ लावतो.
ती चुकते. एका तुकडीपुरती.
मग रात्री ती जेवते, कारण जेवावं लागतं.

हे ऐकून लिंबू बराच वेळ मुळे उपटत राहिले.
मग मुळ्यांनाच सांगितल्यासारखं:
दक्षिणेकडची बेटं, पाऊस आडवा,
नऊ नंबरचे बूट मागवले होते, सात नंबरचे आले.
"सही माझी होती. न उघडता केली.
अठरा जण. गोळी कुणालाच नाही लागली.
पायांची बोटं."
मुळ्यांची माती झटकली. दोन मला दिले.

शेवटचं पान त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं,
फावड्यावर हनुवटी टेकून, अक्षर अक्षर लावत.
तिथे तारिणी वाचलेल्यांना म्हणते,
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

ळ त्यांच्या जिभेवर नाहीच.

"काल आला होता," त्यांनी वाचलं,
"पण वेल आली नव्हती."

आणि थांबून माझ्या काठ्यांकडे पाहिलं,
जिथे मेच्या थंडीत जळालेला घेवडा
वीतभरही चढला नव्हता.
मान हलवली. "बरोबर लिहिलंय," म्हणाले.
मी दुरुस्त केलं नाही.